पीयूसीत नापास म्हणजे इंजिन गेलं? मुळीच नाही

दांडिया बाजारातल्या आमच्या काकांची 2006ची फोर-स्ट्रोक स्कूटर पीयूसीत नापास झाली आणि जो तो सांगू लागला, ‘इंजिन उतरवा!’ बडोद्यात वर्षानुवर्षं ऐकू येणारा हा समज चुकीचा आहे.

आधी आकडे बघा. अशा गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के, हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची, 4500 पीपीएम (दहा लाखांत 4500 भाग). कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी: एअर फिल्टर चोंदलेला, चोक अडकलेला किंवा कार्ब्युरेटर बिघडलेला. काकांचा फिल्टर काढला तर धुळीने पार काळा, फुंकर आरपार जाईना! हायड्रोकार्बन जास्त असेल तर स्पार्क प्लग तपासा. आणि कृपा करून थंड गाडी तपासणीला नेऊ नका. निळा धूर येत असेल, ऑइल कमी होत असेल, तरच इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा बघायचा विचार करा.