‘अर्ज आटोपशीर करा’ : अमेरिकेतील माहिती-अर्जांच्या एका अटीची पार्श्वभूमी

अमेरिकेत संघीय सरकारच्या एखाद्या यंत्रणेकडे माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज केला, की पुष्कळदा पहिल्या उत्तरात माहिती नसतेच. आपला अर्ज फार व्यापक आहे, तो आटोपशीर करून द्यावा, असे सांगणारे पत्र येते किंवा तसा फोन येतो. अर्जदाराला ही टाळाटाळ वाटते आणि काही वेळा ती असतेही. मात्र या पत्रामागे पन्नासहून अधिक वर्षांचा वाद आहे. व्याप्तीचा मुद्दा सुरुवातीला अर्ज परत पाठवण्याचे साधन होता. पुढे कायद्याने तो टप्प्याटप्प्याने दोन्ही बाजूंनी बोलून सोडवण्याचा विषय केला.

१९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात सरकारी अभिलेख पाहण्याची सोय होती, पण ज्याचा त्या विषयाशी योग्य आणि थेट संबंध आहे त्यालाच. संबंध आहे की नाही हे अर्थातच यंत्रणाच ठरवत असे. कॅलिफोर्नियाचे लोकप्रतिनिधी जॉन मॉस यांनी १९५५ पासून या गुप्ततेविरुद्ध चौकशी चालवली आणि तिची परिणती ४ जुलै १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी, फारशा उत्साहाने नव्हे, सही केलेल्या माहिती स्वातंत्र्य कायद्यात झाली. संबंध दाखवण्याची अट गेली आणि कोणीही अर्ज करू शकेल असे झाले. तिच्या जागी दुसरी अट आली : मागितलेले अभिलेख ‘ओळखता येण्याजोगे’ असावेत. ही अट माहिती अडवण्यासाठी वापरू नये, असे सिनेटच्या अहवालातच म्हटले होते. ते म्हणावे लागले, यावरून तिचा वापर कसा होईल याचा अंदाज विधेयक घडवणाऱ्यांना असावा.

झालेही तसेच. फाइलचे नाव, क्रमांक किंवा तारीख दिली नाही म्हणून अर्ज परत जाऊ लागले. जो अभिलेख कधी पाहिलाच नाही त्याचा क्रमांक बाहेरच्या माणसाने सांगावा तरी कसा, हा साधा प्रश्न होता. ओळखता येण्याजोगे म्हणजे कर्मचाऱ्याला शोधता येईल इतपत वर्णन, एवढाच अर्थ १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने ब्रिस्टल-मायर्स कंपनीच्या दाव्यात लावला. पण १९७२ मध्ये त्याच न्यायालयासमोर पेटंट कार्यालयाचे सगळे अप्रकाशित निर्णय मागणारा अर्ज आला, तेव्हा ही मागणी सरसकट आणि कसलाही नेमकेपणा नसलेली आहे, असे ठरले. म्हणजे वर्णनाबाबत उदार राहायचे, पण सरसकट मागणीला आळा घालायचा, ही दुहेरी भूमिका तेव्हापासूनची आहे.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतरच्या वातावरणात १९७४ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नोव्हेंबरमध्ये तो मोडून काढला. ‘ओळखता येण्याजोगे’ हे शब्द जाऊन अभिलेखांचे ‘वाजवी वर्णन’ असावे, असे शब्द आले. वाजवी म्हणजे काय, याचे उत्तर प्रतिनिधिगृहाच्या समितीने दिले : विषयाची माहिती असलेल्या त्या यंत्रणेतल्या कर्मचाऱ्याला वाजवी श्रमांत अभिलेख सापडेल, इतके वर्णन. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे, कारण त्यात कसोटी अर्जदाराच्या ज्ञानाला न लावता शोधणाऱ्याच्या कामाला लावली आहे.

एक कल्पित अर्ज घेऊन पाहू. ‘पुलांच्या सुरक्षिततेशी संबंधित सर्व आणि कोणतेही अभिलेख’ अशी मागणी आली, तर परिवहन खात्यातल्या त्या कर्मचाऱ्याने कुठे शोधायचे? तपासणीचे अहवाल, निविदा, वकिलांचे सल्ले, तक्रारींना दिलेली उत्तरे आणि बैठकीची वेळ कळवणारे ईमेलसुद्धा ‘संबंधित’च आहेत. त्याच अर्जदाराने ‘अमुक विभागीय कार्यालयाने मार्च २०१९ ते जून २०२० या काळात एका ठरावीक पुलाविषयी तयार केलेले तपासणी अहवाल, आणि त्यांवर विभागप्रमुख व मुख्य अभियंता यांच्यात झालेला ईमेल व्यवहार’ असे लिहिले, तर कोणत्या कार्यालयात, कोणाच्या खात्यांत, कोणत्या तारखांमध्ये शोधायचे हे ठरते. ‘संबंधित’ या शब्दावर अमेरिकी न्यायालयांनी वारंवार बोट ठेवले आहे ते याचसाठी. मात्र प्रत्येक मोठा अर्ज अस्पष्ट असतोच असे नाही. नेल्सन मंडेला यांचा उल्लेख असलेले सर्व अभिलेख मागणाऱ्या अर्जावर २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने, ‘उल्लेख’ हा शब्द पुरेसा स्पष्ट आहे, असे म्हटले.

वर्णन स्पष्ट असणे आणि काम झेपण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९९० मध्ये पुरते उघड झाले. एका कर्मचारी संघटनेने वाणिज्य खात्याकडे प्रत्येक शाखेच्या आणि कार्यालयाच्या कालक्रमानुसार ठेवलेल्या फाइली, अंतर्गत व बाहेरच्या पत्रव्यवहारासह, मागितल्या होत्या. काय हवे आहे हे कळण्यासारखे होते. तरीही शोधाचा बोजा अवाजवी आहे, या कारणावरून अपील न्यायालयाने यंत्रणेची बाजू उचलून धरली.

दरम्यान घड्याळानेही आपला दबाव आणला होता. १९७४च्या दुरुस्तीने दहा कामकाजाच्या दिवसांची मुदत घातली, पण अर्जांचा ढीग पाहता ती पाळणे अशक्य ठरले. यंत्रणा हयगय न करता क्रमाने अर्ज हाताळत असेल, तर तिला अधिक वेळ देता येईल, असे १९७६ मध्ये ओपन अमेरिका खटल्यात ठरले. साहजिकच एकाच रांगेत लहान अर्जही मोठ्या अर्जांमागे अडकून पडू लागले.

१९९६ची इलेक्ट्रॉनिक माहितीविषयक दुरुस्ती याच अडचणीतून आली. मुदत वीस कामकाजाच्या दिवसांची झाली आणि साध्या व गुंतागुंतीच्या अर्जांसाठी वेगळ्या रांगा ठेवण्याची मुभा मिळाली. असाधारण परिस्थितीत मुदतवाढही पुरेशी नसेल, तर यंत्रणेने अर्जदाराला व्याप्ती कमी करण्याची किंवा वेगळी मुदत ठरवून घेण्याची संधी दिलीच पाहिजे, असे कायद्यात प्रथमच लिहिले गेले. सोबत एक काटाही होता : अर्जदाराने वाजवी बदल नाकारला, तर पुढे न्यायालय यंत्रणेला अधिक वेळ देताना ते लक्षात घेऊ शकते. त्यामुळे अशा पत्राला मौन हे उत्तर धोक्याचे ठरते.

२००७च्या दुरुस्तीने यंत्रणेला अर्जदाराकडून खुलासा मागवण्यासाठी मुदतीचे घड्याळ एकदाच थांबवण्याची परवानगी दिली. अर्जदाराकडून घ्यायच्या शुल्काविषयीच्या खुलाशांना मात्र ही ‘एकदाच’ची मर्यादा नाही. राष्ट्रीय अभिलेखागारात मध्यस्थी करणारे एक स्वतंत्र कार्यालयही तिच्यामुळे उभे राहिले. २०१६च्या दुरुस्तीने शुल्काचा फास उलट दिशेने आवळला : एरवी मुदत चुकवणाऱ्या यंत्रणेला शोधाचे शुल्क घेता येत नाही, पाच हजारांहून अधिक पानांच्या कामात ते घ्यायचे असेल, तर वेळेत लेखी कळवून अर्ज कसा आटोपशीर करता येईल याची अर्जदाराशी चर्चा केली पाहिजे, किंवा निदान तीन वेळा तसा प्रामाणिक प्रयत्न केला पाहिजे. १९७२ मध्ये ज्या व्यापकतेमुळे अर्ज संपत होता, त्याच व्यापकतेमुळे आता यंत्रणेला फोन उचलावा लागतो.

संगणकीय शोधामुळे हा प्रश्न सुटेल, अशी अपेक्षा होती. एका शब्दावर हजारो ईमेल क्षणात सापडतात, हे खरे. पण त्यातले प्रत्येक पान कायद्यातल्या नऊ अपवादांच्या, म्हणजे ज्यांखाली माहिती रोखता येते त्या कारणांच्या, नजरेने कोणी तरी वाचावे लागते, आणि खरा वेळ तिथे जातो. संघीय तपास संस्था अर्थात एफबीआय मोठ्या अर्जांवर महिन्याला पाचशे पाने या गतीने काम करते आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ते धोरण ग्राह्य धरले. साठ हजार पानांची मागणी असेल, तर या गतीने दहा वर्षे लागतात. तीच मागणी दोन अधिकारी आणि सहा महिने एवढ्यावर आणली आणि सहा हजार पाने उरली, तर वर्षभरात काम आटोपते. उरलेल्या भागासाठी नंतर नवा अर्ज करण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि पहिल्या संचातल्या ईमेलवर दिसणारी नावे व तारखा त्या दुसऱ्या अर्जाचे वर्णन नेमके करायला कामी येतात.