पाइपची उभी रेघ आणि मराठी मजकूर

अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी एक टिपण लिहिलं. बागेच्या नळीला गरजेप्रमाणे पुढचा तुकडा आटे फिरवून जोडतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, ही त्यातली मागणी. ती पुरी व्हायला १९७३चा जानेवारी उजाडला. केन थॉम्पसन यांनी तेव्हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप घातला, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देणारी जोडणी. खरी मेहनत मात्र त्यानंतरची. सॉर्टसारख्या (ओळी क्रमाने लावणाऱ्या) कमांडना तोवर फाइलचं नाव द्यावंच लागे. मागच्या कमांडकडून येणारा मजकूर वाचतील अशा त्या सुधाराव्या लागल्या. आधी जोडणीलाही > हीच खूण होती. फाइलीत लिहिण्याची खूणही तीच, त्यामुळे गोंधळ व्हायचा. | ही रेघ त्याच वर्षीच्या चौथ्या आवृत्तीत आली.

एररचे संदेशही पाइपमधून पुढे वाहून जाऊ लागले, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा प्रवाह काढावा लागला. आजही एरर पुढच्या कमांडकडे हवी असेल तर रेघेच्या आधी २>&१ लिहावं लागतं (आकडे अर्थात इंग्रजी).

१९८३च्या डॉस २.० या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमने रेघ उचलली, पण तिथे पहिली कमांड संपून तिचं आउटपुट तात्पुरत्या फाइलीत जाई, मग दुसरी सुरू होई. युनिक्समध्ये दोन्ही एकदमच चालतात. लिनक्स या युनिक्ससारख्याच सिस्टिमवर मधला बफर (मजकूर तात्पुरता ठेवायची जागा) सहसा ६४ केबीचा. तो भरला की लिहिणारी कमांड थांबून राहते. सुरुवातीच्या ओळी दाखवणाऱ्या हेडने दहा ओळी घेऊन तोंड मिटलं, तर मागची कमांड पुढे लिहायला जाताच मरते आणि १४१ हा अपयशाचा कोड ठेवते. कमांड चालवणाऱ्या बॅश या शेलमध्ये पाइपफेल (एकही कमांड फसली तर अख्खी साखळी फसली असं धरणारा पर्याय) लावलेलं असेल, तर धडधाकट स्क्रिप्टही यामुळे फेल दिसते. न लावावं, तर शेवटची सोडून बाकी कमांडचं अपयश कळतच नाही!

आता नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या आवकेची एक फाइल घ्या, दर ओळीला एका तालुक्याचं नाव: काटोल, नरखेड, पुन्हा काटोल. तिच्यावर थेट युनिक -सी (सारख्या ओळी एकत्र करून मोजणारी कमांड) चालवलं तर काटोल दोनदा येईल, कारण युनिक फक्त लागूनच्या ओळी ताडून बघतं. आधी सॉर्ट हवंच: सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन (शेवटचं सॉर्ट मोठा आकडा वर आणतं).

याच साखळीच्या पुढेमागे आणखी तीन कमांड जोडून मॅकिलरॉय यांनी १९८६ साली, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या कित्येक पानी प्रोग्रॅमवरच्या समीक्षेत, शब्दमोजणी करून दाखवली. ती सहा कमांडची ओळ अजून जशीच्या तशी शिकवली जाते, पण मराठी मजकुरावर ती कुचकामी आहे. तिच्या सुरुवातीचं टीआर इंग्रजी अक्षरं सोडून सगळ्याचं नव्या ओळीत रूपांतर करतं, म्हणजे आपला अख्खा मजकूर पुसतं. लिनक्सवरचं नेहमीचं टीआर अक्षरांवर नव्हे, बाइटवर चालतं आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत ‘नागपूर’ १८ बाइटचं आहे. मोजणी करणारी डब्ल्यूसी ही कमांड -सी दिल्यावर बाइट मोजून १८ सांगेल, -एम दिल्यावर अक्षरं आणि चिन्हं मोजून ६.

टीआरऐवजी ग्रेप -ओपी (नमुन्याशी जुळणारा तेवढाच मजकूर काढून देणारी कमांड) वापरावं. तिथेही युनिकोडचा नुसता ‘अक्षर’ हा वर्ग दिला तर ‘नागपूर’चे न, गप, र असे तीन तुकडे पडतात, कारण काना आणि ऊकार ‘चिन्ह’ वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग द्यावेत, लोकेल (सिस्टिमची भाषेची सेटिंग) यूटीएफ-८चं असावं. जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘दुसर्‍या’मध्ये एक न दिसणारा जोडक असतो, तोही यादीत घालावा, नाहीतर शब्द तिथेच तुटतो.