पाठीशी उभं राहणं आणि पाठीशी घालणं

सांगलीत विजयनगरच्या कोर्टात जामिनाची तारीख असली की आरोपीचे आईवडील सकाळीच येऊन बसलेले असतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "पोरगं चुकलं असंल, पण आमचं हाय. पाठीशी उभं ऱ्हायला नको व्हय?" आणि त्याच पोराबद्दल फिर्यादीकडची माणसं बाहेर चहाच्या गाड्यावर म्हणत असतात, "घरच्यांनीच पाठीशी घातलं, म्हणून इथवर आलं." दोघंही एकाच आईबापाबद्दल बोलत असतात. वकिली करताना हे इतक्यांदा ऐकलं की या दोन शब्दप्रयोगांमध्ये नेमका फरक कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर मला सर्वांत स्पष्ट दिसलं ते एका अमेरिकन मालिकेत. तिच्या शेवटापर्यंतच्या गोष्टी पुढे येणार आहेत. पाहायची राहिली असेल तर आधी पाहून घ्या.

दोन्हींत 'पाठ' आहे, पण ती कुणाची, ते बघा. पाठीशी उभं राहताना मी तुझ्या मागे असते. जगासमोर तू असतोस, प्रश्न तुला विचारले जातात, उत्तर तूच द्यायचं असतं. तुझे पाय लटपटले तर मागे कुणीतरी आहे, एवढंच. पाठीशी घालताना तू माझ्या मागे जातोस. समोर मी येते, बोलते मी, आणि तू जगाला दिसत नाहीस. जगही तुला दिसत नाही, हे त्यातलं जास्त वाईट. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा दोन माणसं एकामागे एक उभी दिसतात, म्हणून गल्लत होते.

'बेटर कॉल सॉल' ही मालिका 2015 ते 2022 या काळात आली, सहा पर्व, 63 भाग. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातला जिमी मॅकगिल हा वकील तिचा नायक. पुढे तो सॉल गुडमन या नावाने गुन्हेगारांचा वकील होतो. लोक त्याला 'लबाड वकील' म्हणून मोकळे होतात. मला ते पुरत नाही. जिमी लबाड होताच, वकील होण्याच्या कितीतरी आधीपासून. पण त्या लबाडीचं पुढे काय झालं, ते दोन माणसांनी ठरवलं. एक त्याचा थोरला भाऊ चक, दुसरी किम वेक्सलर.

चक नामांकित वकील, मोठ्या फर्मचा भागीदार. विजेच्या उपकरणांनी आपल्याला त्रास होतो या ठाम समजुतीपायी तो घरात कंदील लावून बसलेला असतो. जिमी रोज त्याच्यासाठी बर्फ, वर्तमानपत्रं, किराणा घेऊन जातो. आत जाण्याआधी मोबाइल बाहेरच्या टपालपेटीत ठेवतो. याच चकने पूर्वी त्याला तुरुंगातून सोडवून आपल्या फर्मच्या टपाल विभागात कामाला लावलेलं असतं. म्हणजे थोरला भाऊ पाठीशी उभा आहे असंच कुणालाही वाटेल. जिमी नोकरी करता करता पत्रद्वारे कायदा शिकतो, तिसऱ्या प्रयत्नात परीक्षा पास होतो, आणि फर्म त्याला वकील म्हणून घेत नाही. नकार कळवतो दुसरा भागीदार हॉवर्ड, म्हणून जिमी कित्येक वर्षं हॉवर्डचा राग करतो. नकार मुळात चकचा असतो, हे पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे उघड होतं. तू खरा वकील नाहीस, असं सख्खा भाऊ तोंडावर सांगतो.

म्हणजे चक ना पाठीशी उभा राहिला, ना त्याने पाठीशी घातलं. भावाचा दोष त्याने अचूक ओळखला, या बाबतीत त्याचं जवळजवळ कधीच चुकलं नाही. पण नकार दिला तो हॉवर्डच्या आडून. आई मरणाच्या दारात असताना चक उशाशी बसलेला असतो, जिमी खायला आणायला बाहेर गेलेला. आई क्षणभर डोळे उघडते आणि नाव घेते जिमीचं. तो परतल्यावर विचारतो, काही बोलली का? चक सांगतो, नाही. मालिकेतली सगळी कोर्टकचेरी एका बाजूला ठेवली तरी हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. समोरासमोर सांगितलेला दोष माणूस पचवू शकतो, आडून मिळालेला नकार नाही.

किमचं उलट. ती स्वतः मेहनती, नेकीने वागणारी वकील, आणि जिमीवर तिचं खरं प्रेम. दुसऱ्या पर्वात जिमी तिच्या भल्यासाठी चकच्या कागदपत्रांत फेरफार करतो. पत्त्यातला 1261 हा आकडा 1216 करतो, त्यामुळे चक तोंडघशी पडतो आणि बँकेचं मोठं काम किमकडे येतं. चकला कळतं. तो दोघांना घरी बोलावून सगळं उलगडून सांगतो. किम हुशार, तिला तिथल्या तिथे पटतं की चक खरं बोलतोय. तरी ती चकलाच सुनावते, की तो आज असा आहे याला तूही जबाबदार आहेस. इथवर ती पाठीशी उभी आहे, आणि तिचं म्हणणं खोटंही नाही. बाहेर गाडीत बसल्यावर ती जिमीला रागाने गुद्दे घालते. तेही मला योग्य वाटतं; त्या गुद्द्यांत तरी कृत्याला नाव मिळालं. त्या रात्री, दिवे मालवल्यावर, अंधारात ती शांतपणे म्हणते की चकसारखा माणूस बारीकातली बारीक चूक शोधून काढेल, तेव्हा त्याच्या हाती लागेल असं काही शिल्लक नसावं. 'तू केलंस का' हे ती विचारतच नाही. जिमी उठतो, कपडे चढवतो आणि जिथे झेरॉक्स काढली ते दुकान गाठतो, तिथल्या पोराचं तोंड बंद करायला.

माझ्या मते उभं राहण्याचं घालणं झालं ते त्या अंधारात.

हे इतकं टोचण्याला माझ्यापुरतं कारण आहे. मी ज्युनिअर असताना तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांचा वहिवाटीच्या रस्त्याचा दावा खालच्या कोर्टात फेटाळला गेला होता. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस मिळतात, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळून. ती फाइल माझ्याकडे होती. दुसऱ्या एका गठ्ठ्याखाली ती राहिली आणि मुदत अकरा दिवसांनी टळली. लक्षात आलं तेव्हा हातपाय गार पडले. बार रूममधला एक मित्र लगेच म्हणाला, "त्यात काय एवढं? डॉक्टर ओळखीचा आहे. काकांना टायफॉईड झाला होता म्हणून सर्टिफिकेट जोडू. तुझं नावच येणार नाही." त्याला माझी खरोखर काळजी होती. मुदत कायद्याच्या कलम 5 खालचा विलंबमाफीचा अर्ज आणि सोबत आजारपणाचा दाखला, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते, त्या सरांना मी ते सांगितलं. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "शपथपत्र तू लिहायचंस, आणि काकांना आधी तू सांगायचंस. मी शेजारी बसतो." ते वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'सदर विलंब अपीलकर्त्याच्या हलगर्जीमुळे नसून त्यांच्या वकिलांच्या कार्यालयातील चुकीमुळे झालेला आहे.' काका संध्याकाळी आले. सांगताना माझा आवाज दोनदा अडकला, सर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. काका बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताई, रस्ता बंद झाला तर बागेत ट्रॅक्टर कसा न्यायचा, ते तेवढं बघा." विलंब माफ झाला. कोर्टाने विरुद्ध पक्षाला द्यायला लावलेला खर्च सरांनी भरला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मित्राने मला वाचवलं असतं, यात शंका नाही. पण मग तो आजार काकांच्या नावावर लागला असता, आणि पुढची फाइल गठ्ठ्याखाली जाताना मला भीती वाटली नसती.

जिमीला असे सर भेटले नाहीत. तिसऱ्या पर्वात चकच्या तक्रारीवरून त्याच्यावर शिस्तभंगाची सुनावणी होते. तो चकच्या खिशात त्याच्या नकळत चार्ज केलेली बॅटरी टाकायची व्यवस्था करतो. चकचा आजार शरीराचा नाही हे उलटतपासात उघडं पडतं आणि तो सगळ्यांदेखत कोसळतो. किम शेजारच्या खुर्चीत, तिला सगळं आधीपासून ठाऊक. जिमीची सनद वर्षभरासाठी निलंबित होते. आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 35 मध्येही समज देणं, निलंबन आणि नाव कमी करणं अशा पायऱ्या आहेत. कायद्याने दिलेलं हे वर्ष थांबून विचार करण्यासाठी होतं. जिमी त्या वर्षात चकच्या वकिलीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीपर्यंत त्याच्या अवस्थेची बातमी पोचवतो. त्यातून चकला फर्म सोडावी लागते आणि शेवटी तो जीव देतो. या अपराधाचं ओझं हॉवर्ड आपल्या अंगावर घेतो, आणि जिमी ते त्याला खुशाल घेऊ देतो. किम हॉवर्डवर कडाडते, कारण जिमीला आणखी दुखवू नये एवढंच तिला दिसतं.

सनद गेलेला वकील आपल्यालाही नवा नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर वकीलच, आणि सनद काही काळासाठी गेल्याच्या अपमानातच तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. सिंधूची पतिनिष्ठा पाहून आमच्या नाट्यवेड्या सांगलीत पिढ्यान् पिढ्या डोळे पुसले गेले. मीही पुसले. पण आता वाटतं, सिंधू पाठीशी उभी होती की पाठीशी घालत होती? तिच्या काळात तिला तिसरी वाट नव्हती, हे मान्य. किमला होती.

पाचव्या पर्वात दोघं लग्न करतात तेही साक्ष द्यावी लागू नये म्हणून. आपल्या कायद्यात याचा एक बारकावा आहे. वैवाहिक काळात जोडीदाराने सांगितलेली गोष्ट, मोजके अपवाद सोडले तर, त्याच्या संमतीशिवाय कोर्टात उघड करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 122, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 128. मात्र नवऱ्याला जे करताना बायकोने डोळ्यांनी पाहिलं, ते ती सांगू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये राम भरोसे खटल्यात म्हटलं. विश्वासाने बोललेल्या शब्दाला कायदा आडोसा देतो, पाहिलेल्या कृत्याला देत नाही.

किम असं का वागते, याचं उत्तर सहाव्या पर्वातल्या तिच्या लहानपणच्या एका दृश्यात आहे. दुकानात कानातले चोरताना ती सापडते. आई येते, मालकासमोर तिला खूप रागावते. मालक सोडून देतो. बाहेर गाडीत आई हसते आणि तेच चोरलेले दागिने तिच्या हातात ठेवते. आईने लेकीला वाचवलं, वर बक्षीसही दिलं. लहान किमच्या चेहऱ्यावर आनंद नसतो. कुणीतरी खरोखर रागवायला हवं होतं, असंच मला तो चेहरा पाहताना वाटलं. मोठेपणी तीच हॉवर्डची बदनामी करण्याचा घाट घालते, जिमीपेक्षा जास्त उत्साहाने. त्या खेळाच्या शेवटी हॉवर्ड त्यांच्याच घरात एका गुन्हेगाराच्या गोळीने मरतो. किम वकिली सोडते, जिमीलाही सोडते. आपलं प्रेम आहे, पण आपण एकत्र असलो की आजूबाजूच्यांचं वाटोळं होतं, अशा अर्थाचं सांगून.

बरीच वर्षं मध्ये जातात. मग ती एकटीच हॉवर्डच्या बायकोकडे जाते आणि आपण काय केलं ते लेखी देते. जिमीच्या वतीने काही नाही, त्याच्यावर ढकलूनही काही नाही. त्यानंतर सॉल म्हणून पकडला गेलेला जिमी सरकारी वकिलाशी घासाघीस करून जन्मठेपेची शिक्षा सात-साडेसात वर्षांवर आणून बसलेला असतो. किमने कबुली दिल्याचं त्याला कळतं. तो निरोप असा पोचवतो की तिला कोर्टात यावंच लागेल.

ती येते आणि मागच्या बाकावर बसते. जिमी उभा राहून ठरलेलं सगळं मोडतो आणि खरं बोलू लागतो. चकच्या विम्याचंही सांगतो. त्याचा वकील कुजबुजतो की तो तर गुन्हाही नव्हता. जिमी म्हणतो, होता. शिक्षा 86 वर्षांची होते. न्यायाधीश त्याला सॉल गुडमन म्हणून हाक मारतात, तेव्हा तो आपलं नाव मॅकगिल असल्याचं सांगतो. मग मान वळवून मागे बघतो. किम तिथेच बसलेली असते.