लेकरू रडलं नाही, तर?

आमच्याकडं आज्जीला सगळी लेकरं 'माय' म्हणायची आणि आईला 'वैनी', कारण काका वैनी म्हणायचे. आई खुरपायला गेली की धाकटं लेकरू चुलतीच्या कडेवर. तिचे हात पिठात असले की आत्याकडं, आणि दिवस कलला की आजोबांच्या खांद्यावरून पारावर. अंबाजोगाईच्या बाजूला भरल्या घरात हेच दिसायचं. परवा पालकांसाठीच्या एका व्याख्यानात ऐकलं, की आई निघून गेल्यावर न रडणारं मूल 'टाळणारं' असतं, त्याचा आईशी बंध कच्चा असतो. या हिशेबानं आमची निम्मी भावंडं कच्चीच निघाली.

व्याख्यात्यानं अर्धीच गोष्ट सांगितली. या बंधाचा जो सिद्धांत, ज्याला अटॅचमेंट थिअरी म्हणतात, तो जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाचा. युद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ मध्ये एक अहवाल लिहिला. पोट भरलं तरी मायेच्या माणसावाचून मूल खुरटतं, असा त्याचा सारांश. त्या काळी इंग्लंडातल्या कित्येक इस्पितळांत आजारी मुलाला आईबापांनी आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटायचं, असा नियम असे. तो मोडायला हा विचार कामी आला, हे मोठंच काम. गंमत म्हणजे खुद्द बोल्बी दाईच्या हातात वाढले होते, आणि ते चारेक वर्षांचे असताना ती दाई घर सोडून गेल्याचं दुःख त्यांना कायम लक्षात राहिलं.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४ मध्ये युगांडात गेल्या. तिथल्या खेड्यांतली २६ कुटुंबं त्यांनी घरी जाऊन पाहिली. आई खोलीबाहेर पडली की तिथली बरीच मुलं रडत, मागं रांगत. पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी तसाच अभ्यास केला, तर तिथली मुलं घरात फारशी रडेनात. आईचं आत-बाहेर करणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मग प्रयोगशाळेत एक अनोळखी खोली तयार झाली. साधारण वर्षाचं मूल, त्याची आई, एक परकी बाई, थोडी खेळणी. वीसेक मिनिटांत आई दोनदा तीनेक मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. मूल रडलं की नाही, यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, यावर निदान ठरतं: तिच्याकडं जाऊन शांत झालं तर बंध 'सुरक्षित', तिच्याकडं पाठ फिरवली तर मूल 'टाळणारं'. व्याख्यानात नेमकं हेच गळालं होतं.

म्हणजे ही मोजपट्टी बाल्टिमोरच्या मुलांना बेतून शिवलेली. दुसऱ्या मापाच्या अंगाला ती कशी बसते? जर्मनीत बीलेफेल्डला जवळजवळ निम्मी मुलं 'टाळणारी' ठरली. तिथल्या आयांना मूल लवकर स्वतंत्र व्हावंसं वाटे. जपानात साप्पोरोला टाळणारं एकही सापडलं नाही, उलट साधारण तिसरा हिस्सा मुलं आई परतल्यावरही शांत होईनात. आईवाचून एकटं राहण्याची त्यांना सवयच नव्हती, तेव्हा ती तीन मिनिटं त्यांना भारीच गेली असणार. कॅमेरूनमधल्या न्सो जमातीच्या शेतकऱ्यांत हायडी केलर आणि हिल्ट्रुड ओटो या संशोधकांनी काम केलं. तिथं शांत, कुणाच्याही हातात सुखानं राहणारं मूल गुणी समजतात.

१९८८ मध्ये ८ देशांतले या चाचणीचे ३२ अभ्यास एकत्र मांडले गेले. देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशाच्या आतला फरक जवळपास दीडपट निघाला, आणि सुरक्षित बंधाची मुलं बहुतेक ठिकाणी जास्त भरली. सिद्धांताच्या बाजूचा हा भक्कम मुद्दा आहे. पण त्या ३२ पैकी १८ अभ्यास एकट्या अमेरिकेतले होते. यादीत भारत नव्हता, आफ्रिकेतला एकही देश नव्हता.

आमच्या ओसरीवर ही चाचणी घ्यायची म्हटली तर परकी बाई आणायची कुठून? नवी बाई दारात आली की लेकराला आधी सांगतात, 'मावशी आली बघ.' आणि ते रडलं तर तीन मिनिटं घड्याळ बघत कोण बसेल? चार हात पुढं येतील. 'लळा' हा आपला शब्दही कुणा एकाचाच लागतो असं सांगत नाही.

आता एक धोका. 'आपल्याकडं लेकरं कुणाकडंही राहतात' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. बीडकडून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजूर जोडपी, निघतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला. अंगावर पिणारं लेकरू फडाच्या कडेला झोळीत, थोडं मोठं असलं तर गावात आज्जीकडं. हे काही संस्कृतीच्या खात्यावर टाकता येत नाही. चुलतीच्या कडेवरचं लेकरू आणि सहा महिने आई न दिसलेलं लेकरू यांना एका रांगेत बसवलं, तर चूक आपली.

एका उन्हाळ्यात आमच्या गावात टोळी परतली तेव्हा मी पारावर होतो. अडीच वर्षांची पोर आज्जीच्या पदराआड गेली, आईकडं बघेना. आईनं बोलावलं नाही. गाठोडं सोडलं, भांडी काढली, पोरीच्या अंगाचा नवा झबला ओट्यावर ठेवला आणि चूल पेटवायला बसली. पोर बराच वेळ लांबूनच बघत होती. मग झबला उचलला, आणि तो घालून घ्यायला आज्जीकडंच गेली. दिवेलागणीला बघितलं, तर चुलीपाशी आईच्या पाठीला पाठ लावून बसली होती, तोंड मात्र आज्जीकडं.