‘डार्क’ म्हणजे जर्मन ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ नव्हे

‘डार्क’ ही नेटफ्लिक्सवरची जर्मन मालिका बघू का, असं कुणी विचारलं की हमखास उत्तर येतं: “अरे, ते जर्मन स्ट्रेंजर थिंग्ज!” त्या अमेरिकन मालिकेत राक्षस आहे, म्हणून या भरवशावर बसलेला माणूस राक्षसाची वाट बघत राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या भागात कंटाळून उठतो. राक्षस येतच नाही. येणारही नाही.

साम्यं आहेत, नाकारत नाही. लहानसं गाव, गायब झालेला मुलगा, जंगल, सायकली, ऐंशीचं दशक, गावाजवळ संशयास्पद केंद्र (तिकडे प्रयोगशाळा, इकडे अणुवीज प्रकल्प). शिवाय ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ जुलै 2016 मध्ये आली आणि ‘डार्क’ 1 डिसेंबर 2017 ला, त्यामुळे नक्कल ठरवायला लोक मोकळे. विनोद तिकडे भरपूर, इकडे औषधालाही नाही. हे सगळं वरवरचं आहे, सोडून द्या.

घोळ होतो तो पुढे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधल्या हॉकिन्स गावचा विल गायब होतो तेव्हा तो दुसऱ्या जागी गेलेला असतो. ‘अपसाइड डाउन’ ही जागा आहे. तिथे जाता येतं, त्याला शोधून परत आणता येतं, आणि तोवर घड्याळ सगळ्यांचं सरळ पुढे चालू असतं. ‘डार्क’मधल्या विंडेन गावचा मिकेल 4 नोव्हेंबर 2019 ला गायब होतो, पण तो विंडेनमध्येच असतो. फक्त 1986 च्या. म्हणून ‘मिकेल कुठे आहे?’ हा प्रश्नच चुकतो. ‘मिकेल कधी आहे?’ असं विचारायचं. मराठीच्या कानाला ते खटकतं, खटकू द्या.

तेहतीसचा हिशेब एकदा समजून घ्या, पुढे फार उपयोगी पडतो. विंडेनजवळच्या गुहेतली वाट 33 वर्षांच्या टप्प्यांनी काळ जोडते: 1953, 1986, 2019. इकडे एक दिवस सरला की तिकडेही एकच सरतो. म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये 2020 उजाडलं की बाकीची सालंही सरकतात: 1987, 1954, 1921 आणि पलीकडे 2053. ही 33 वर्षं चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ बसण्याची, आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी तोकडं. आपलं पंचांग अधिक महिना घालून ते सावरतं, हिजरी कालगणना सावरत नाही. म्हणून मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण 33 वर्षांनी जागेवर येतो. 2019 च्या सप्टेंबरात गणपती आणि मोहरम एकत्र आले होते, तसेच 1986 च्याही.

आता खरी मेख. काळप्रवास म्हटलं की आपल्या डोक्यात एकच नियम बसलेला असतो: मागे जाऊन काही बदललं की आज बदलतो. ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये फोटोतली भावंडं पुसट होत जातात, तसं. ‘डार्क’मध्ये काहीही पुसट होत नाही. मागे जाऊन तुम्ही जे कराल ते आधीच झालेलं असतं, आणि तुम्हीच केलेलं असतं.

एक प्रसंग फोडावाच लागतोय. पहिला सीझन कोराच बघायचा असेल तर पुढचा परिच्छेद गाळा.

उलरिख हा मिकेलचा बाप, पोलिस. 1986 मध्ये त्याचा भाऊ नाहीसा झाला होता, 2019 मध्ये मुलगा. संशय हेल्गे नावाच्या माणसावर. मागावर निघालेला उलरिख गुहेतून 1953 मध्ये पोचतो आणि तिथे त्याला हेल्गे भेटतो, लहान पोरगा. उलरिखचं गणित आपलंच आहे: हा मेला तर भाऊही वाचेल आणि मुलगाही. तो दगड उचलतो. पोरगा मरत नाही. चेहरा आणि कान कायमचे बिघडतात. आणि 1986 मधला तो विद्रूप कानाचा हेल्गे आपण काही भाग आधीच पाहिलेला असतो. म्हणजे तो कान उलरिखनेच बिघडवला होता. थांबवायला गेलेल्या माणसाचा दगड हा त्या हेल्गेच्या घडणीचाच भाग.

इथे प्रत्येक जण विचारतो: “पण पहिल्यांदा काय झालं होतं? उलरिख मागे जायच्या आधी?” असं ‘आधी’ नाहीच. 1953 एकदाच घडलं, आणि त्यात उलरिख होता. म्हणूनच ‘कालचक्र’ हा आपला लाडका शब्द इथे दिशाभूल करतो. चक्र फिरतं, पुन्हा पुन्हा तेच घडतं असं वाटतं, आणि मग माणूस ‘या फेरीत काय वेगळं होईल’ हे शोधत बसतो. चाक नको, बांगडी डोळ्यांसमोर आणा. ती फिरत नाही, नुसती गोल असते. तिला सांधा आहे का, हे तिसरा सीझन सांगतो. मी नाही सांगणार. दुसऱ्या सीझनच्या शेवटी नियमात एक भर पडते, तेव्हा “बघा, अपसाइड डाउनच निघालं” म्हणणारे उगवतात. तेही नव्हे.

बघायचं कसं? आवाज जर्मनच ठेवा. डब लावू नका. दबकी, तुटक बोलणी हा या मालिकेचा अर्धा जीव आहे. सबटायटल्समध्ये ‘इंग्लिश सीसी’ नको, साधं ‘इंग्लिश’ निवडा. सीसी सहसा डबचे शब्द लिहितं आणि कानावर पडतं त्याशी जुळत नाही. पडद्यावर ‘जे’ने सुरू होणारं नाव ‘योनास’ असं ऐकू येईल, दचकू नका.

जवळ वही ठेवा. चार घराणी, चार रकाने: कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडेमान. नाव, साल, वय, एवढंच लिहा. नेटवर वंशावळ शोधायची नाही. तिथे पहिल्याच चित्रात सगळं फुटतं. दिवसाला दोन भाग पुष्कळ. एकूण 26 आहेत (10, 8, 8) आणि गोष्ट पूर्ण होते. ‘डार्क’ बनवणाऱ्या जोडीची, बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे यांची, ‘1899’ ही मालिका आठ भागांनंतर बंद पडली. तिच्यावरून ‘डार्क’ही अर्धवट असेल असं समजू नका.

पहिली चाळणी तिसऱ्या भागात लागते. तो जवळपास सगळा 1986 मध्ये घडतो आणि आधी पाहिलेले आईबाप तिथे शाळकरी पोरं होऊन येतात. चेहऱ्यांवर भरवसा नसेल तर खुणा धरा. हेल्गेचा कान, आणि क्लाउडियाचे दोन रंगांचे डोळे. डोळे कुठल्याही सालात तसेच असतात, कान मात्र 1953 मधल्या त्या प्रसंगानंतरच.