सोबत राहणं, लग्न धरलं जाणं आणि लॅमिनेट केलेला करार

"मॅडम, सात वर्षं सोबत राहिलं का लग्न होऊनच जाते नं?" परवा तर्री पोह्याच्या ठेल्यावर, तोंडात घास असताना हा प्रश्न आला. मागच्या महिन्यात हाच आकडा पाच होता आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कोणीतरी दहा टाकले होते, जसा काही इतवारीत भाव फुटून राहिला. मी नागपुरात फॅमिली मॅटर्स बघते आणि या एका गोष्टीवरून माझं डोकं इतक्यांदा फिरलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

आधी तो आकडा डोक्यातून काढा. भारतात कुठल्याच कायद्यात अमुक वर्षं सोबत राहिलं की आपोआप लग्न, असं लिहिलेलं नाही. हे येतं कुठून तर इंग्रजी सिरियलमधल्या 'कॉमन लॉ मॅरेज'मधून, जे अमेरिकेतसुद्धा टेक्सास, कोलोरॅडो, आयोवा अशा मोजक्या राज्यांतच उरलंय आणि तिथेही वर्षं मोजत नाहीत, आपण नवराबायको आहोत हे दोघांना मान्य होतं का आणि ते तसे चारचौघांत वावरले का हे बघतात. ज्या इंग्लंडवरून ते नाव आलं तिथे १७५३ च्या कायद्यानं हे प्रकरण कधीच मिटवलं. राहिला कॅनडातला भाचा, ज्याच्या इमिग्रेशनच्या फॉर्मवर एक वर्ष एकत्र राहिलेल्या जोडप्याला 'कॉमन लॉ पार्टनर' म्हणतात. ते तिकडच्या व्हिसापुरतं. इथे सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तो फॉर्म दाखवून काही होत नाही.

रीतसर लग्न तुम्हाला माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही. सप्तपदी म्हणा, किंवा आपल्याकडे बौद्ध पद्धतीनं लागतात तशी सप्तपदी नसलेली लग्नं म्हणा, किंवा १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली तीस दिवसांची नोटीस देऊन तीन साक्षीदारांसमोर केलेलं म्हणा, सगळी चालतात. आणि सोबत राहणं हा गुन्हा आहे का हा प्रश्न तर आता विचारूच नका, दोन सज्ञान माणसं मर्जीनं सोबत राहिली तर गुन्हा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय.

खरी खिचडी होते ती पुढच्या दोन गोष्टींची.

पहिली म्हणजे लग्न झालंय असं कोर्टानं धरून चालणं. हा पुराव्याच्या कायद्याचा भाग आहे, पूर्वी कलम ११४ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ११९. समजा एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचं लग्न कधी झालं ते सांगायला कोणी उरलंच नाही, भटजी गेले, मामा गेले, फोटो तेव्हा काढायची पद्धत नव्हती. पण पन्नास वर्षं दोघं नवराबायको म्हणून राहिले, रेशनकार्डावर तसं आहे, मतदार यादीत तसं आहे, हळदीकुंकवाला तिला सगळे त्याची बायको म्हणूनच बोलावतात. तर कोर्ट म्हणतं, लग्न झालेलंच असणार, ज्याला नाही म्हणायचंय त्यानं ते सिद्ध करावं. १९७८ च्या बद्री प्रसाद केसमध्ये नेमकं हेच झालं, तिथेही पन्नास वर्षांचा संसार होता आणि कोणीतरी उठून लग्नाचा पुरावा मागत होतं. २०२२ मध्ये केरळच्या एका वाटणीच्या केसमध्ये याच धरून चालण्यावर मुलाला वडिलांकडचा हिस्सा मिळाला. म्हणजे एकदा धरलं की ती पूर्ण बायको, तो मेला तर त्याची विधवा, वारस, सगळं काही.

दुसरी गोष्ट २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातली, 'लग्नाच्या स्वरूपाचं नातं'. इथे लग्न झालेलं नाही हे कायदा गृहीतच धरतो, पण तुम्ही लग्न झाल्यासारखे राहत होता म्हणून बाईला संरक्षण देतो. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, मारहाण थांबवायचा आदेश, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश, खर्चाला पैसे, नुकसानभरपाई. हे फक्त बाईला मिळतं, पुरुषाला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. आणि फ्लॅटवर मालकी किंवा वारसा यातून मिळत नाही. घरात राहायचा हक्क म्हणजे घराचा हक्क नव्हे, हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी म्हणत असेन.

आता बघा गंमत. पहिल्या दारात जायचं तर तुम्हाला म्हणावं लागतं, आम्ही नवराबायकोच होतो, फक्त पुरावा हरवलाय. दुसऱ्या दारात गेलात तर म्हणावं लागतं, लग्न नव्हतं, पण लग्नासारखं होतं. एकाच तोंडानं दोन्ही कसं बोलणार? आणि लोक नेमकं हेच करून ठेवतात, तेही स्वतःच्या सहीनं.

मागच्या वर्षी एक ताई आल्या, मानेवाड्याकडच्या. अकरा वर्षांचा संसार, सोबतचा माणूस हार्ट अटॅकनं गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे भाऊ चावी मागायला दारात. ताईंनी पिशवीतून मोठ्या विश्वासानं कागद काढला. स्टॅम्प पेपरवर 'लिव्ह-इन करार', नोटरीचा लाल शिक्का, आणि पावसात भिजू नये म्हणून वरून लॅमिनेशन. कलम तीन वाचलं आणि मी पाणीच प्यायले. "आम्ही उभयता पती-पत्नी नाही व भविष्यात एकमेकांच्या मालमत्तेवर कोणताही हक्क सांगणार नाही." लग्न धरून चालण्याची जी एक आशा होती ती अकरा वर्षांआधी यांनीच पैसे देऊन खोडून घेतली होती. तो कागद नसता तर गॅसचं कार्ड, त्याच्या पॉलिसीवर लिहिलेलं 'पत्नी', शेजारच्या काकूंची साक्ष, यावर मी निदान लढले तरी असते. घरातून धक्के मारून काढू नये एवढ्यापुरतं काही करता येतं का ते बघितलं, पण फ्लॅटचं काय हे विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यामुळे हे करार छापून देणाऱ्यांवर माझा राग आहे तो आहे. भाडं कोण भरेल, फ्रिज कोणाचा, हे लिहा की खुशाल. पण प्रत्येकाला तोच एक साचा कशासाठी? दोघांना खरंच लग्न नको असेल तर ते कलम बरोबरच आहे, पण बहुतेकांना वाटत असतं की हा करार म्हणजेच छोटं लग्न आहे. ताईंनाही तसंच वाटत होतं, त्या त्याला "आमचं कोर्ट मॅरेज" म्हणत होत्या.

आणखी एक, यावर दोन्ही दारं अडतात. त्याची पहिली बायको हयात असेल आणि घटस्फोट झालेला नसेल तर लग्न धरून चालणार कसं, ते लग्न होऊच शकत नव्हतं. दुसऱ्या कायद्यातही तेच, २०१० च्या वेलुसामी निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की दोघं एरवी लग्न करायला मोकळे असायला हवेत, वयात बसायला हवेत, लोकांसमोर नवराबायकोसारखे बऱ्यापैकी काळ राहिलेले हवेत, नुसते शनिवार-रविवार सोबत काढणं यात येत नाही. (त्याच निकालात 'ठेवलेली बाई' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला, तो मला आजही खटकतो.) २०१३ च्या इंद्रा सरमा केसमध्ये तो विवाहित आहे हे बाईला आधीपासून ठाऊक होतं, कित्येक वर्षं सोबत काढली तरी ते नातं या व्याख्येत बसलं नाही. त्याच वर्षी बादशहा नावाच्या माणसानं मात्र पहिलं लग्न लपवून दुसरं केलं होतं, तिथे कोर्टानं फसवलेल्या बाईला पोटगी दिली, कारण लबाडी करणाऱ्याला त्याच लबाडीचा फायदा कसा द्यायचा.

इथे कोणीतरी म्हणतंच, "पण मॅडम, त्यानं सोडचिठ्ठी घेतली आहे नं." कुठून? तर पुन्हा स्टॅम्प पेपर. समाजात फारकतीची जुनी रूढी असेल आणि ती कोर्टात सिद्ध झाली तर ठीक, नाहीतर घटस्फोट फॅमिली कोर्टाच्या डिक्रीनंच होतो. नोटरीला नवराबायको वेगळे करायचा अधिकार नाही, जोडायचाही नाही. आणि गांधर्व विवाहाची हौस असणाऱ्यांसाठी, १९६५ च्या लोखंडे केसमध्ये गांधर्व पद्धतीनं केलेलं दुसरं लग्न आवश्यक विधी झाले नाहीत म्हणून लग्नच ठरलं नाही, आणि दोन लग्नांच्या आरोपातून तो सुटला. नुसतं सोबत राहण्यावरून फौजदारी केसमध्ये दुसरं लग्न सिद्ध होत नाही, हे पहिल्या बायकांनाही सांगून ठेवते.

उत्तराखंडात २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सुरू झाली, ती महाराष्ट्राला लागू नाही, त्यामुळे तो फॉरवर्ड मला पाठवू नका.

आता मला विचाराल तर, लग्न करायचंय तर करून टाका, तीस दिवसांची नोटीस काही जड नाही. नसेल करायचं, तर त्या कराराऐवजी मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार हवेत आणि तेही ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तो म्हणे तेच, करू करू, काय घाई आहे." कागद त्यांनी परत पिशवीत ठेवला. लॅमिनेशनमुळे त्याची घडीही होत नव्हती.