किरणोत्सर्गी काम आणि पुरुषाची प्रजननक्षमता

नोकरीत अंगावर पडणाऱ्या क्ष-किरणांचा व गॅमा किरणांचा वृषणातील शुक्रजंतूंच्या निर्मितीवर होणारा परिणाम. वडोदऱ्यात हा विषय पुस्तकापुरता नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली. या पट्ट्यात आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर, पाइपलाइन यांची कामे निघतात, आणि वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ चा ‘कॅमेरा’, म्हणजे गॅमा किरण सोडणारा किरणोत्सर्गी तुकडा (‘सोर्स’) बंद ठेवलेली जाड पेटी, आणावा लागतो. सोर्स थोडा वेळ बाहेर काढून सांध्याचा फोटो घेतात (हाच ‘शॉट’); हे काम करणारा तो रेडिओग्राफर. दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात रेडिओग्राफर मुलाच्या लग्नाची बोलणी निघाली, की ‘मुलंबाळं होतील ना?’ ही शंका दबक्या आवाजात येतेच. तिला सरळ उत्तर द्यायला हवे.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यातल्या सुरुवातीच्या, भराभर विभागणाऱ्या पेशी शरीरातल्या सर्वांत नाजूक पेशींपैकी आहेत. एकदम १५० मिलिग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांचे माप; हजार मिलिग्रे म्हणजे एक ग्रे) मात्रा बसली तरी शुक्रजंतूंची संख्या काही काळ घटू शकते; कायमचे वंध्यत्व यायला सुमारे ३.५ ते ६ ग्रे लागतात. पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या पेशी मात्र पुष्कळ चिवट असतात. म्हणून संख्या शून्यावर आली तरी कामेच्छा आणि ताकद बहुधा तशीच राहते. ‘मर्दानगी जाते’ ही भीती निराधार आहे आणि तिच्यापायी माणसे तपासणीच टाळतात, हे जास्त वाईट.

भारतात कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (क्ष-किरण व गॅमा किरणांसाठी हे माप मिलिग्रेइतकेच धरता येते) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे. थोडी थोडी मात्रा वर्षभर बसत राहिली, तर तात्पुरत्या परिणामाचा उंबरठा वर्षाला सुमारे ४०० मिलिग्रे धरतात. नियमाने चाललेल्या कामात तिथवर पोचण्याचा प्रश्न येत नाही.

धोका असतो तो सोर्स कॅमेऱ्यात परत न आल्याचे लक्षात न येण्यात. ३० क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या तीव्रतेचे माप) उघडा इरिडियम सोर्स एक मीटरवर तासाला सुमारे १४० मिलिग्रे देतो. दहा सेंटिमीटरवर हेच शंभरपट होते, म्हणजे मिनिटभरातच १५० मिलिग्रेचा उंबरठा ओलांडतो. १९९९ साली पेरूतील यानांगो येथे एका वेल्डरने असा सुटलेला सोर्स उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला. पुढे त्याचा पाय कापावा लागला. गॅमा किरणांपुढे हॉस्पिटलातला शिशाचा एप्रन फारसा कामाचा नाही. तो कॅथ लॅबच्या, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी करतात त्या खोलीतल्या, क्ष-किरणांसाठी ठीक. इथे अंतर, कमी वेळ आणि दर शॉटनंतर हातात चालू सर्व्हे मीटर (किरण मोजणारे यंत्र), हेच खरे रक्षण.

टीएलडी बॅज, म्हणजे कामगाराला बसलेली मात्रा नोंदवणारा बिल्ला, छातीवर लावतात, त्यामुळे जांघेजवळची मात्रा त्यात नेमकी उतरेलच असे नाही. आणि खुंटीला टांगलेला बॅज तर काहीच सांगत नाही. काम लवकर उरकायच्या घाईत बॅज काढून ठेवायला सांगणारा मुकादम त्या पोराच्या प्रकृतीशी खेळत असतो.

अपघाती मात्रा बसल्यावर लगेच केलेली वीर्यतपासणी फसवी ठरते, कारण आधीच तयार झालेले शुक्रजंतू टिकून असतात. घट काही आठवड्यांनी दिसते. म्हणून तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. एक ग्रेपर्यंतच्या मात्रेनंतर संख्या ९ ते १८ महिन्यांत भरून येते, २-३ ग्रेनंतर सुमारे ३० महिने लागतात, ४ ते ६ ग्रेनंतर पाच वर्षे किंवा अधिक, आणि कधी ती येतही नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक दोषांची निश्चित वाढ आढळलेली नाही. मूल होत नसेल, तर सगळा दोष किरणांवर टाकण्याआधी भट्टीजवळची उष्णता, तंबाखू आणि वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा यांचीही तपासणी व्हावी, आणि पत्नीचीही त्याच वेळी.